गरोदरपणात गुप्तांगावर चामखिळी : एका जोडप्याचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयातलं आहे. नवरा-बायको दोघांनी लिहायला होकार दिला. गाव, तालुका आणि ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. गुप्तांगावरची चामखीळ सहसा जिवावर बेतत नाही आणि तिच्यावर उपचार आहेत. तरीही या घराची दोन-अडीच महिने झोप उडाली होती, आणि त्यात आजाराइतकाच वाटा संशयाचा आणि चुकीच्या औषधाचा होता. म्हणून कोणत्या वळणावर काय ठरवलं आणि का, ते जरा सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

ती 24 वर्षांची. पहिली मुलगी तीन वर्षांची, आणि आता पाचवा महिना चालू. नवरा जिनिंगच्या हंगामात कापसाच्या गाडीवर ड्रायव्हर, एरवी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. घरची दोन एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. घरात सासू, शेजारीच मोठी जाऊ. गावातून तालुक्याला सकाळची एसटी, ती चुकली तर काळीपिवळी.

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास तिला खाली हाताला बारीक दाणे लागले. दुखत नव्हते, खाज मात्र होती. महिनाभर ती कोणाशी बोलली नाही. आशाताई घरी येऊन लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, कार्ड, सगळं विचारून गेल्या. हा विषय त्यांनी काढला नाही, हिनेही काढला नाही. दाणे वाढून गुच्छ झाले तेव्हा तिने जावेला सांगितलं आणि जावेकडून ते सासूपर्यंत गेलं. सासू म्हणाली, हे मूळव्याधीचे कोंब. गावात बसणाऱ्या, डॉक्टरकीची कोणतीही पदवी नसलेल्या माणसाने न बघताच मूळव्याधीच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तेव्हा घरात बिब्बा निघाला.

आपल्याकडे बिब्ब्याचा उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे. सुई टोचून दिव्यावर धरायचा, तेलाचा थेंब सुटला की भोवरीवर किंवा चामखिळीवर टेकवायचा. पायाची घट्टे पडलेली कातडी तो कधी सोसते, कधी तिथेही उतते. गुप्तांगाची कातडी ओठांच्या आतल्या भागासारखी पातळ असते. सासूने काळजीपोटीच लावला, आणि दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला.

समस्या

दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायांची डॉक्टरांकडून तपासणी होते. त्या दिवशी व्हरांड्यात पन्नासेक बाया होत्या. ही बाकड्यावर न बसता भिंतीला टेकून उभी होती. आमच्या नर्सबाईंनी ते हेरलं. विचारल्यावर ती म्हणाली, "काई नाही जी, जांघेत घामोळं आलं." नर्सबाईंनी कार्ड बाजूला ठेवलं आणि तिला आत घेऊन आल्या.

योनीमुखाच्या दोन्ही बाजूंना आणि खाली गुदद्वाराकडे जाणारे मांसल, खडबडीत गुच्छ होते. सगळ्यात मोठा अंगठ्याच्या पेराएवढा. भोवतालची कातडी बिब्ब्याने काळवंडलेली, जागोजागी फोड फुटून पाणी सुटत होतं. ताप नव्हता. लघवीला बसताना मात्र ती भिंत धरायची. हिमोग्लोबिन 8.9 होतं, म्हणजे कमीच. सिकलसेलची तपासणी आपल्या भागात करतोच, ती निगेटिव्ह होती.

तिने दोन गोष्टी लगेच विचारल्या. "लेकराले काई होईन का जी?" आणि "हे कॅन्सर तं नाही?" तिसरी निघता निघता, दाराशी थांबून: "ह्यायले सांगाच लागते का?"

पहिला निर्णय : हे नक्की काय आहे

दिसायला निदान सोपं होतं. गुप्तांगावरच्या चामखिळी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्हीमुळे होतात. या विषाणूचे शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि दहापैकी नऊ चामखिळींमागे त्यातले 6 आणि 11 क्रमांकाचे असतात. तरीही सिफिलिस नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं. सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यातही याच जागी ओलसर, चपट्या गाठी येतात आणि घाईत त्या चामखीळ समजल्या जातात. गरोदरपणात ही चूक फार महाग पडते. पेनिसिलिनने बरा होणारा आजार तसाच राहतो, मूल पोटात दगावू शकतं किंवा जन्मतःच आजारी निघतं. सुरुवातीच्या महिन्यांतल्या एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासण्या निगेटिव्ह होत्या. त्या पुन्हा केल्या, पुन्हा निगेटिव्ह आल्या.

सरकारी दवाखान्यात लैंगिक आजारांसाठी रंगीत किट असतात. स्राव असेल तर एक रंग, जखम असेल तर दुसरा. चामखिळींसाठी किट नाही, कारण त्यांच्यावर पोटात घ्यायची गोळी नाही. उपचार जागेवरच करावा लागतो. नवीन कर्मचाऱ्याला हे माहीत नसलं की रुग्णाला उगाच अँटिबायोटिक मिळतं आणि चामखीळ जागची हलत नाही.

कॅन्सरबद्दल तिला सरळ उत्तर दिलं. या चामखिळी करणारे 6 आणि 11 हे प्रकार गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे नव्हेत. त्या कॅन्सरच्या सुमारे 70 टक्के रुग्णांत 16 आणि 18 हे प्रकार सापडतात. एकाच व्यक्तीला दोन्ही जातींचा संसर्ग असू शकतो, म्हणून वेळच्या वेळी तपासणी हवी. पण या गुच्छांचा उद्या कॅन्सर होणार, ही भीती धरू नये.

बाळाचं उत्तर थोडं लांबलं. गरोदरपणात शरीराची प्रतिकारशक्ती बदलते, त्यामुळे चामखिळी भराभर वाढतात, नाजूक होतात, धक्का लागला तर रक्त येतं. बाळंतपणानंतर त्या बऱ्याचदा आपोआप आकसतात. फार क्वचित बाळाच्या स्वरयंत्रात याच विषाणूच्या गाठी होतात आणि आवाज घोगरा होतो. हे लपवायचं नाही, पण "फार क्वचित" यावर जोर द्यायचा, असं आम्ही आपसात आधीच बोलून घेतलं होतं.

उपचाराचे पर्याय

कपाटात पोडोफायलिन या चामखिळीवर लावायच्या औषधाची बाटली होती. स्वस्त, हाताशी, लावायला सोपं. गरोदर बाईला ते चालत नाही. कातडीतून अंगात शोषलं जाऊन गर्भाला अपाय करू शकतं, आणि इथे तर कातडी आधीच सोललेली. इमिक्विमोड हे मलम गरोदरपणात सुरक्षित आहे असं ठामपणे म्हणण्याइतका अनुभव नाही, तेही बाजूला ठेवलं.

बाळंतपणापर्यंत काहीच न करणं, हाही खरा पर्याय होता. चामखिळी थोड्या आणि बारीक असत्या तर मी तोच सुचवला असता. हिच्या गुच्छांतून रक्त येत होतं, वाढ वेगाने होत होती आणि चार महिने बाकी होते.

उरले तीन. ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, ज्याला टीसीए म्हणतात, ते रक्तात जात नसल्याने गरोदरपणात चालतं. द्रवरूप नायट्रोजनने गोठवणंही चालतं, पण ती सोय सत्तर किलोमीटरवरच्या मेडिकल कॉलेजात. विजेने जाळणं किंवा कापून काढणं हे फार मोठ्या गाठींसाठी, भूल देऊन.

आधी भाजलेली कातडी भरू द्यायची आणि मग उपजिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून दर आठवड्याला टीसीए, असं ठरलं. सासूला वाटलं, डॉक्टर टाळाटाळ करतात. सोललेल्या जागेवर ॲसिड लावलं तर काय होईल हे तिला बिब्ब्यावरूनच समजावलं, तेव्हा पटलं.

दुसरा निर्णय : घरी काय सांगायचं

यावर आम्ही औषधापेक्षा जास्त वेळ घालवला.

नर्सबाईंचं म्हणणं असं: "उष्णतेनं झालं म्हनून सांगून टाका न मॅडम. नाहीतर तिचं घर मोडन." त्यांची वीस वर्षं या गावांत गेली आहेत. लैंगिक आजाराचं नाव निघाल्यावर माहेरी धाडलेल्या सुना त्यांनी पाहिल्या आहेत. त्यांचा सल्ला मायेचा होता आणि मी तो हलका धरला नाही.

पण उष्णता म्हटलं की घरात पहिली काट बसते ती खाण्याला. तिने आधीच अंडी, तीळ, गूळ, मेथी सोडली होती, आणि हिमोग्लोबिन 8.9. दुसरं म्हणजे उष्णता हिची असेल तर नवऱ्याला तपासायचं कशाला? त्याच्या अंगावर काही असलं तर तसंच राहणार. तिसरं, नवऱ्याच्या हातात मोबाइल आहे. आज ना उद्या त्याला खरं कळलंच असतं, आणि मग दवाखान्याने खोटं सांगितलं म्हणजे नक्की काहीतरी लपवायचं होतं, असं त्याने धरलं असतं.

दुसऱ्या टोकाला नुसतं "हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार आहे" एवढं सांगून गप्प बसणं. ते खरं आहे, पण अर्धं. ऐकणाऱ्याला त्यात एकच ऐकू येतं, की कोणीतरी बाहेर गेलं.

म्हणून सगळं खरं सांगायचं ठरलं. हा विषाणू मुख्यतः संबंधाच्या वेळी कातडीला कातडी लागून पसरतो. लागण झाल्यावर चामखीळ काही आठवड्यांनी दिसते, काही महिन्यांनी दिसते, कधी वर्षांनी. लागण झालेल्या बहुतेकांना चामखीळ येतच नाही, साधारण दोन वर्षांत शरीर विषाणूला आवरतं. कोणाला कोणापासून आणि कधी झालं हे सांगणारी तपासणी जगात नाही. तिसऱ्या महिन्यात उठली म्हणजे तिसऱ्या महिन्यात लागली असा अर्थ होत नाही. गरोदरपणात दबलेला संसर्ग वर येतो.

कोणाला सांगायचं हे मात्र तिने ठरवलं, आम्ही नाही. समुपदेशक ताईंनी तिला एकटीला बसवून आधी विचारलं, घरी मारहाण होते का? ती म्हणाली, "मारत नाही जी. पन मंग बोलत नाही. चार-चार दिवस." नवऱ्याला सांगायचं, पण घरी नाही, दवाखान्यात, आणि ती समोर असताना. सासूला एवढंच, की जंतुसंसर्ग आहे, औषध चालू आहे, बिब्बा पुन्हा नको. महिलांची 181 ही हेल्पलाइन आणि एचआयव्ही व लैंगिक आजारांच्या माहितीची 1097 ही हेल्पलाइन तिला पाठ करून दिली, कागदावर लिहून नाही.

जागेचाही प्रश्न होता. समुपदेशनाच्या खोलीवर एचआयव्हीची पाटी आहे, आणि त्या दारातून आत गेलेली बाई संध्याकाळपर्यंत गावात पोहोचते. म्हणून लसीकरणाची खोली दुपारनंतर रिकामी असते, ती वापरली.

काय केलं

नवऱ्याला सोनोग्राफीच्या दिवशी सोबत बोलावलं. तो बराच वेळ पंख्याकडे पाहत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे हे माह्यापासून हिले, का हिच्यापासून मले?" मी म्हटलं, हे मला कळत नाही, आणि कोणी कळतं म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ती मान खाली घालून बसली होती. थोड्या वेळाने तो स्वतःहूनच बोलला, की त्याला दिवाळीच्या आधीपासून पुढच्या कातडीखाली दाण्यासारखं काही लागतं. गाडीत दिवसभर बसून झालं असावं असं समजून त्याने ते दाबून ठेवलं होतं. हे ऐकून तिने पहिल्यांदा मान वर केली.

पुढचं त्याने समुपदेशकांना एकट्याने जे सांगितलं ते त्याचं आहे, इथे त्याची गरज नाही. तपासणीत त्याला तीन-चार बारीक चामखिळी होत्या. त्याच्याही एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. त्याला पोडोफायलिन चालणार होतं. पण बाटली घरी न देता आठवड्याला दवाखान्यातच लावायचं आणि चार तासांनी धुवायचं असं ठरवलं, कारण घरी गरोदर बायको आणि तीन वर्षांची मुलगी.

तिची जखम मिठाच्या कोमट पाण्याने शेकून आणि साध्या मलमाने दहा-बारा दिवसांत भरली. टीसीए लावताना मी सोबत होते. भोवतालच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन, मग काडीच्या टोकाला गुंडाळलेल्या चिमूटभर कापसाने फक्त गुच्छावर थेंब. जागा क्षणात पांढरीशुभ्र होते. पाच-दहा मिनिटं झोंबतं, मग शमतं. ॲसिड ओघळलंच तर मारायला खाण्याचा सोडा शेजारी काढून ठेवलेला असतो. पहिल्या वेळी तिने नर्सबाईंचा हात सोडला नाही, तिसऱ्या वेळी ती मुलीच्या अंगणवाडीच्या गोष्टी सांगत होती.

बारीक गुच्छ गेले. गुदद्वाराजवळचा मोठा हटेना, त्यासाठी मेडिकल कॉलेजात जाऊन गोठवून घ्यावा लागला. कापूस वेचणीचे दिवस होते, नवऱ्याची मजुरी बुडाली, तरी तो गेला.

तोपर्यंत संबंध टाळायचे किंवा निरोध वापरायचा, हे दोघांना एकत्र सांगितलं. निरोधाने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही, कारण तो सगळी कातडी झाकत नाही. तेही सांगितलं. अंडी, तीळ, मेथी पुन्हा सुरू झाली.

तिसरा निर्णय : बाळंतपण कसं

आठव्या महिन्यात सासूने सिझरचा हट्ट धरला. कोणीतरी तिला सांगितलं होतं की बाळ त्या वाटेने आलं तर त्यालाही होईल. ही भीती निराधार नाही, पण सिझर त्यावरचा उपाय नाही. बाळाच्या स्वरयंत्रातल्या गाठी इतक्या क्वचित होतात, आणि सिझर करूनही त्या पूर्ण टळतील याची खात्री नाही, की तेवढ्यासाठी पोट उघडणं योग्य ठरत नाही. चामखिळींनी वाट अडली असेल किंवा फाटून जोराचा रक्तस्राव होईल असं दिसत असेल, तरच सिझर. हिच्याकडे तसं काही उरलं नव्हतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सासूला समोर बसवून हे सांगितलं.

परिणाम

दिवस भरल्यावर उपजिल्हा रुग्णालयात साधं बाळंतपण झालं. मुलगी, वजन 2.6 किलो. राहिलेले बारीक दाणे सव्वा महिन्यात आकसले. तिसऱ्या महिन्यात दोन नवे उगवले. उपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत असं पुष्कळदा होतं आणि ते तिला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ती न घाबरता आली. पुन्हा टीसीए लावलं. बाळ आठ महिन्यांचं असताना ती शेवटची येऊन गेली, तेव्हा दोघांनाही काही नव्हतं. बाळाचा आवाज सतत घोगरा राहिला किंवा श्वास घेताना आवाज आला तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं, हे येत्या काही वर्षांसाठी तिच्या कार्डावर लिहून दिलं आहे.

सासू 48 वर्षांची. 30 ते 65 वयाच्या बायांची गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात दर पाच वर्षांनी होते. पातळ ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं, बस. तिने आधी साफ नकार दिला. सुनेला दर आठवड्याला सोबत आणता आणता एक दिवस स्वतःच म्हणाली, "माह्यं बी पाहून घ्या." तपासणी चांगली निघाली. आयुष्यात बाळंतपण सोडून तिची कोणी कधी तपासणी केली नव्हती. गडचिरोलीतल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 650 स्त्रियांचा अभ्यास केला, तो 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार सापडला होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम 8 टक्के होत्या. या सासूकडे पाहताना तो आकडा जुना वाटत नाही.

वेगळं काय करता येईल

सगळ्यात आधी, महिनाभराचं मौन. आशाताई घरात येत होत्या. "खाली खाज, जखम, दाणा काही आहे का?" हा एक प्रश्न गोळ्यांच्या प्रश्नाइतक्याच सहज विचारला असता तर बिब्बा लागलाच नसता. आमच्या भागात आता तो दर भेटीत विचारायचं ठरलं आहे. काही आशाताईंना अवघड जातं, विशेषतः नात्यातल्या बायकांना विचारताना. त्यांनी शेजारच्या गावच्या आशाताईंना सोबत न्यावं असं सुचवलं आहे, जमतंय की नाही ते बघायचं आहे.

बिब्ब्याबद्दल "गावठी उपाय करू नका" असं मोघम सांगून उपयोग होत नाही. भोवरीला बिब्बा लावणारी बाई ते ऐकून सोडून देते. "गुप्तांगाला, गुदद्वाराला आणि डोळ्याजवळ बिब्बा, चुना, खार लावायचा नाही", असं जागेचं नाव घेऊन सांगावं लागतं.

नवऱ्याला सोनोग्राफीचं निमित्त सांगून बोलावणं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. घरी खोटं सांगायचं नाही असं ठरवणाऱ्या आम्हीच त्याला आडून आणलं. बायकोच्या सुरक्षिततेसाठी ते त्या वेळी गरजेचं होतं. 9 तारखेला सगळ्याच नवऱ्यांना रक्तदाब, साखर आणि त्वचेच्या तपासणीसाठी बोलावलं तर कोणा एकाकडे बोट जाणार नाही. पण हंगामात पुरुष येतील का, हा प्रश्न आहेच. संध्याकाळी उशिरा दवाखाना उघडा ठेवल्याशिवाय ते व्हायचं नाही.

मोठा गुच्छ पहिल्याच आठवड्यात गोठवायला पाठवता आला असता का, यावर स्त्रीरोगतज्ज्ञांचं आणि माझं मत जुळत नाही. त्यांच्या मते भाजलेली कातडी भरेपर्यंत थांबणंच बरोबर. मला वाटतं, जखम भरल्यावर आधी मेडिकल कॉलेज आणि मग टीसीए असा क्रम ठेवला असता तर वेचणीच्या ऐन दिवसांतली ती फेरी टळली असती.

राहिला लसीचा प्रश्न. जावेची मुलगी 12 वर्षांची आहे. सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही भारतीय लस 6, 11, 16 आणि 18 या चारही प्रकारांवर काम करते, म्हणजे चामखिळी आणि कॅन्सर दोन्हींपासून वाचवते. 9 ते 14 वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. लस असलेली चामखीळ घालवत नाही, म्हणून ती आधी द्यायची असते. हे जावेला या प्रकरणाच्या अगदी शेवटी सांगितलं, तेही तिने विचारलं म्हणून. पहिल्याच भेटीत, घरात 9 ते 14 वर्षांची मुलगी आहे का, हे विचारायला हवं. तिचा पहिला डोस पुढच्या महिन्यात द्यायचं ठरलं आहे.